बुधवारी गर्दी नसते

तुलू दिमतू, अदिस
२२ मेस्केरेम

आत्या,

हसू नकोस, पण मी लेखक झालोय. सोबत कात्रणं पाठवलीयेत, ती आधी वाच. नाही, थांब, चिठ्ठीच आधी वाच. कात्रणं वाचलीस की चिठ्ठी तशीच राहील, ओळखतो मी तुला.

तर, सोडतीत मला जो फ्लॅट लागलाय ना, तो शहराच्या इतका बाहेर आहे की शेवटच्या स्टॉपला मिनिबसवाला मला हलवून उठवतो आणि विचारतो, "भाऊ, इथेच राहतोस? खरंच?" इमारती सगळ्या एकसारख्या. पहिल्याच आठवड्यात मी दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावली आणि आतून एक आजोबा ओरडले, "आमचा चोर रोजचा आहे, तू कोण?" पाणी येतं तेव्हा येतं. पण हॉटेलं! आत्या, हॉटेलं मात्र रोज नवी येतात. काल जिथे सिमेंटच्या गोण्या होत्या, तिथे आज 'मॅनहॅटन कॅफे', समोर 'मिलानो', आणि त्याच्या शेजारी, खोटं नाही सांगत, 'नवीन मिलानो'. आतल्या खुर्च्या त्याच, वाढपी तोच, मागच्या दाराने इकडून तिकडे पळतो.

आता एवढ्या सगळ्यांत बरं काय नि टाकाऊ काय, हे लोकांना सांगायला नको? आमच्या वस्तीत 'शेजार' नावाचं साप्ताहिक निघतं. फुकट असतं, दाराखालून सरकवतात. त्याचे संपादक गिझाव मला म्हणाले, "तू सारखा खाण्याबद्दल बोलतोस, तर लिही की." सदराचं नाव मीच ठेवलं: 'जिभेचा पत्ता'. भारी आहे ना? लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, "आज मॅकियाटो कुठला प्यावा?" मी जरा विचार केल्यासारखं करतो आणि मग सांगतो.

आता खरं काम. सोसिना. लॅबमध्ये आहे ती, फोटो पाठवला होता बघ, पिवळ्या स्कार्फमधली. आम्हाला तिर महिन्यात लग्न करायचंय. तिचे वडील नाहीत. तिची आई मुलुनेशबाई शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहते आणि सगळं तिच्या हातात आहे. बाई एकदम कडक. चर्चच्या बायकांच्या मंडळाची प्रमुख. उपासाच्या दिवशी दुपार उलटेपर्यंत पाणीसुद्धा घेत नाही आणि दुसऱ्या कोणी घेतलं तर लांबून ओळखते. तिने "हो" म्हटलं नाही तर सोसिना तिच्याविरुद्ध जाणार नाही. तसं तिने मला सरळ सांगून टाकलंय.

म्हणून तुझ्या यांना, गाशे देमिसेंना विचार ना, मागणी घालायला वडीलधारे म्हणून ते येतील का? मला तुम्ही दोघांनीच वाढवलंय, मग मी दुसऱ्या कुणाला सांगू? हिदारच्या सुरुवातीला आलेले बरे. एकदा मोठा उपास लागला की कुणी लग्नाचं नाव काढत नाही.

कात्रणांबद्दल कळव. खरं खरं कळव, पण कौतुक कर.

तुझा किरुबेल

•

जिम्मा
२९ मेस्केरेम

किरुबेल,

बसच्या तोफिक ड्रायव्हरने चिठ्ठी दिली. फोन का करत नाहीस असं तो मला विचारत होता. मी म्हटलं, फोनवर आमचं पोरगं "आवाज येत नाहीये" म्हणतं आणि नको ते प्रश्न टाळतं. कागदावर टाळलेलं डोळ्यांना दिसतं.

कात्रणं वाचली. यांनाही मोठ्याने वाचून दाखवली, त्यांना ठसका लागला. 'मॅनहॅटन कॅफे'च्या कॉफीत तुला "संत्र्याच्या सालीची झाक आणि शेवटी मधाची आठवण" सापडली म्हणे. अरे, कॉफीत कॉफी होती का? का तेवढीच राहिली? आणि ती कॉफी परदेशी डब्यातली असल्याचं तू कौतुकाने लिहिलंयस. आमच्या घराच्या मागच्या टेकडीवरून ती गेली, बोटीत बसली, तिकडे डब्यात शिरली, परत आली आणि तुझ्या जिभेवर येऊन बसली तेव्हा कुठे तुला गोड लागली. इथे होती तेव्हा तू तिच्यात साखर टाकून अर्धी सांडायचास.

दुसरं एक. कॉफी पाजताना खाली ओलं गवत पसरतात, त्या जागी त्यांनी प्लास्टिकचं गवत घातलंय आणि तू त्याला "आधुनिक" म्हणालास. बकरीने एकदा तोंड लावू दे, मग कळेल आधुनिक काय ते.

पण हे सगळं मी माफ केलं असतं. चौथं कात्रण मात्र मी दोनदा वाचलं. 'झेबिदार कितफो घर', ते कच्च्या खिम्याचं हॉटेल. तू लिहितोस, आणि मी तुझंच वाक्य उतरवते: "मांस ताजं, लोणी कोमट, तिखट असं की आधी काहीच नाही आणि मग कानांत घंटा. खास टीप: बुधवारी जा. बुधवारी गर्दी नसते, लगेच जागा मिळते, वाढपी हसून बोलतात."

गाढवा! बुधवारी गर्दी का नसते?

बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, लोणी बंद. हे या देशात बोकडालासुद्धा ठाऊक असतं, त्या दिवशी तो निवांत चरतो. वाढपी हसतात म्हणे. हसणार नाहीत तर काय! अख्ख्या वस्तीत एकच शहाणा आला, त्यांचाही वेळ जात नव्हता.

आणि हा कागद तुम्ही प्रत्येक दाराखालून सरकवता. मुलुनेशबाईच्या घराला दार आहे ना?

सरळ उत्तर दे. बुधवारी तू मांस खाल्लंस का? हे म्हणतात, "मी मागणी घालायला जाईन, पण उपास मोडणाऱ्या पोरासाठी त्या बाईच्या उंबऱ्यावर उभा राहणार नाही." त्यांचं म्हणणं मला पटतं. नेहमी पटत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आत्या

•

तुलू दिमतू
८ तिकिम्त

आत्या,

तू पण ना! एवढीशी गोष्ट. अगं, छापखान्याची चूक आहे. मी 'गुरुवारी' लिहिलं होतं, जुळवणाऱ्याने 'बुधवारी' केलं. तो बिचारा रात्रभर जागा असतो, डोळे लाल, त्याला मी काय बोलणार? तेव्हा गाशेंना सांग, बिनधास्त या.

बाकी मजेत. फक्त एक छोटासा घोळ झालाय. झेबिदारचा मालक माझ्यावर इतका खूष झाला की त्याने माझं वाक्य भिंतीवर रंगवून घेतलं. लाल अक्षरात, माणसाच्या उंचीएवढं: "बुधवारी या! गर्दी नसते! — किरुबेल, 'शेजार'." शेजारी माझं चित्र पण काढलंय. ते माझ्यासारखं दिसत नाही, जरा बोकडासारखं दिसतं, पण खाली नाव आहे ना. आणि ती भिंत नेमकी चर्चला जाणाऱ्या रस्त्यावर आहे.

मी त्याला म्हटलं, "अहो, पुसा ते." तो म्हणतो, "साहेब, लाजता काय? दर बुधवारी आता चार टेबलं भरतात. शुक्रवारचं पण लिहा ना काहीतरी."

मुलुनेशबाई मागच्या आठवड्यात आमच्या जिन्यात दिसल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे न बघता जिन्यातल्या कठड्याला विचारलं, "काय, जेवण झालं का?" वार शुक्रवार होता, वेळ सकाळची. मी म्हटलं, "नाही हो, अजून नाही." त्या कठड्याला म्हणाल्या, "आश्चर्य आहे." आणि निघून गेल्या.

आमच्या तळमजल्यावर इतागेन्यू म्हणून एक काकू आहेत, त्यांच्याकडे रोज दुपारी बायका कॉफीला जमतात. मलाही हाक मारतात. मी जात नाही. एकदा बसलं की पहिली, दुसरी, तिसरी, सगळे पेले होईपर्यंत उठायचं नाही, आणि कॉफीबरोबर मक्याच्या लाह्या कमी आणि शेजाऱ्यांची हाडं जास्त चघळतात. आता सोसिना सांगते की तिची आई रोज तिथेच असते आणि सध्या हाडं माझी आहेत.

पण छापखान्याची चूक आहे एवढं पक्कं लक्षात ठेव. गाशेंना पटव. प्लीज.

तुझाच किरुबेल

•

जिम्मा
१४ तिकिम्त

किरुबेल,

मी आयुष्यभर शाळेत पोरांचे पेपर तपासले. खोटं उत्तर मी शाईवरून ओळखते.

तू 'गुरुवारी' लिहिलं होतंस म्हणतोस. गुरुवारी तर तिथे झुंबड असणार, कारण आदला दिवस सगळ्यांनी डाळीवर काढलेला असतो. मग "गर्दी नसते" हे कुठून आलं? जुळवणाऱ्याने ते पण स्वतःच्या मनाने घातलं? मग सदर त्यालाच द्या.

पण मला दुसरंच कोडं पडलंय. तू कच्चं मांस खातोस कधीपासून? फासिकाच्या सणाच्या जेवणाला मी तुझ्या पानात हौसेने कितफो वाढला आणि तू तो इंजेऱ्याच्या पोळीत गुंडाळून खिशात घातलास. कुत्री तुझ्यामागे विहिरीपर्यंत गेली होती, सगळ्या गावाने बघितलं. आणि आता तू "कानांत घंटा" लिहितोस? तिखटाने तुझ्या कानांत घंटा नाही वाजत रे, तुझ्या नाकातून पाणी येतं.

म्हणजे तू ते खाल्लंच नाहीस. कुणाचं तरी बघून उतरवलंयस. शाळेतसुद्धा तू शेजारच्याचं उत्तर उतरवायचास आणि वर त्याचं नावही उतरवायचास.

मग झालं तर! सोपं आहे. मुलुनेशबाईला सांग, मी उपास मोडला नाही, मी नुसता खोटारडा आहे. खोटारडे जावई तिने मंडळात पुष्कळ बघितले असतील. हे पण म्हणतात, खोटारड्यासाठी मी जाईन, त्याची मला सवय आहे. ते कुणाबद्दल बोलत होते ते मी विचारलं नाही.

आत्या

•

तुलू दिमतू
२० तिकिम्त

आत्या,

हो. नाही खाल्लं. मी समोर पाण्याचा ग्लास घेऊन बसलो होतो आणि तोही प्यायलो नाही.

पण हे बाहेर सांगायचं नाही. कुणालाच नाही. मुलुनेशबाईंना तर अजिबात नाही. गाशेंनी तिथे एवढंच म्हणायचं: पोरगा चुकला, त्याने खाल्लं, त्याला पस्तावा झालाय, पाद्रीबाबा सांगतील तेवढे नमस्कार घालेल. मी घालीन ना. गुडघे फुटेपर्यंत घालीन.

का, ते विचारू नकोस. उतरवलेलं मात्र नाहीये, ते सगळं खरं आहे. मांस खरंच ताजं होतं आणि घंटा खरंच वाजल्या. फक्त माझ्या कानांत नाही.

हे लग्न मोडलं तर मी काय करेन मला माहीत नाही. हे मी गमतीत लिहीत नाहीये.

किरुबेल

•

जिम्मा
४ हिदार

किरुबेल,

ही चिठ्ठी बुधवारच्या आत तुझ्या हातात पडावी म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीने धाडतेय. हे काल अदिसहून परत आले. येताना तुला भेटले नाहीत कारण, त्यांच्याच शब्दांत, "भेटलो असतो तर कानाखाली दिली असती आणि मागणी घातल्यावर तसं करणं बरं दिसत नाही." आता काय झालं ते नीट वाच, मला यांच्याकडून तीनदा वदवून घ्यावं लागलं.

रविवारी हे आणि त्यांचे अदिसचे दोन जुने मित्र, पांढऱ्या शाली पांघरून, मुलुनेशबाईच्या दारात उभे राहिले. बाई म्हणाली, "आत या, बसा." हे म्हणाले, "आम्ही बसायला आलो नाही. मागायला आलोय. उत्तर मिळाल्याशिवाय बसणार नाही, तुमच्या घरचं पाणी पिणार नाही." रीतच आहे ती. एका मित्राचे गुडघे दुखतात, तो मनातल्या मनात रीतीला शिव्या देत होता.

बाईने घराण्याचं विचारलं नाही, नोकरीचं विचारलं नाही. भिंतीला टेकून एकच विचारलं, "त्या पोराने बुधवारी मांस खाल्लं?"

तू जे म्हणायला सांगितलं होतंस ते यांच्या जिभेवर आलं होतं म्हणे. पण समोर मेरीमातेची तसबीर, खाली पेटलेला धूप. यांच्याने होईना. हे म्हणाले, "बाई, पोरगा खोटारडा आहे, ते मी लिहून देतो. पण उपास त्याने मोडलेला नाही. त्याने एक घाससुद्धा घेतला नाही."

"मग लोणी कोमट होतं हे त्याला स्वप्नात कळलं?"

हे शाल सावरत राहिले.

"तिखट आधी लागत नाही, मग लागतं. हे न खाता कळतं का? मी पन्नास वर्षं स्वयंपाक करतेय, मला सांगा. कुणीतरी खाल्लं. कोणी खाल्लं?"

आत स्वयंपाकघरात तुझी सोसिना कॉफीचे दाणे भाजत होती. तव्याचा आवाज थांबला. हे म्हणतात दाणे जळल्याचा वास आला आणि मग ती दारात आली, हातात पळी तशीच. म्हणाली, "मी खाल्लं, आई. तो समोर नुसता बसला होता. मी सांगत होते, तो लिहीत होता. नेहमीच असं असतं. जीभ माझी, पेन त्याचं. बुधवारी मला अर्धा दिवस सुट्टी असते."

तू कुणासाठी गुडघे फोडायला निघाला होतास ते मला तेव्हा कळलं. मी तुला उतरवणारा म्हटलं होतं. ते अर्धं मागे घेते.

तर पुढे. हे फौजेत होते तुला माहितीये, पण इतकी शांतता त्यांनी सीमेवरसुद्धा ऐकली नव्हती म्हणे. बाईने लेकीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "मांस खरंच ताजं होतं?"

"हो."

"आणि लोण्यात वेलची?"

"थोडी."

"हं," बाई म्हणाली. मग एकदम भानावर आली आणि ओरडली, "उद्या पाद्रीबाबांकडे जायचं! सकाळी! चालत!" आणि यांच्याकडे वळून म्हणाली, "बसा."

बसले रे. गुडघेवाला तर आधीच बसला.

पण अजून "हो" म्हटलेलं नाही. तिची अट ऐक. "माझ्या मुलीची जीभ उसनी घेऊन तो वस्तीभर हॉटेलांचं गुणगान करतो. या बुधवारी संध्याकाळी त्याने माझ्याकडे यायचं. उपासाचं ताट मी माझ्या हाताने वाढीन. स्वतःच्या जिभेने खायचं आणि जसं लागलं तसं छापायचं. खरं. मग मी सांगते." मंडळातल्या बायका तिचं जेवण जेवून बोटं चाटतात, असंही तिने दोनदा सांगितलं. बाईला छापून यायचंय, दुसरं काही नाही.

आता जरा काळजीची गोष्ट. यांना तिने डाळीच्या पिठाचा शिरो वाढला होता. मी विचारलं, कसा होता? हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फार भक्तिभावाने केला होता." आमच्या संसारात यांनी कुठल्याही जेवणाला भक्तिभाव म्हटलेलं मला आठवत नाही. तेव्हा सांभाळ.

आत्या

•

तुलू दिमतू
१० हिदार

आत्या,

मी जिवंत आहे. बसून लिहितोय, पोट हातात धरून.

बुधवारी गेलो. मुलुनेशबाईंनी टोपलीसारख्या विणलेल्या टेबलावर ताट मांडलं. बघायला इतकं सुंदर की काय सांगू. मधोमध शिरो, कडेने मसूर, कोबी, बटाटे, बीट. मी देवाचं नाव घेऊन पहिला घास तोडणार, तेवढ्यात बाईंनीच स्वतःच्या हाताने घास केला, लिंबाएवढा, आणि माझ्या तोंडात भरवला. भरवलेल्या घासाला नाही म्हणता येतं का? तो गिळतोय न गिळतोय तोच दुसरा. आत्या, शिरो म्हणजे भिंतीला कागद चिकटवायला ठेवलेली खळ. मीठ नाहीच. मसूर दाताखाली कटकट वाजत होते, मला वाटलं दातच पडला. मी समोर सोसिनाकडे बघितलं. ती मान खाली घालून गालात हसत होती. आई पाणी आणायला आत गेल्यावर हळूच म्हणाली, "मी बुधवारी बाहेर का खाते, कळलं आता?"

मग कॉफी. दाणे काळेठिक्कर. पहिल्या पेल्यात कोळसा होता, दुसऱ्यात धूर, आणि तिसऱ्यात नुसता आशीर्वाद. तिन्ही प्यायलो.

निघताना बाई म्हणाल्या, "देवाला स्मरून लिही हं."

रात्री कागद पुढे घेऊन बसलो. आत्तापर्यंत मला कधी अडलं नव्हतं, कारण खाणारी दुसरीच होती. संत्र्याची साल, मधाची आठवण, कानांतल्या घंटा, सगळं लिहिता आलं असतं. बाई खूष, लग्न पक्कं, तू पण खूष. सोसिनाला विचारलं. ती म्हणाली, "तुझं तू ठरव. पण खोटं लिहिलंस तर जन्मभर दर बुधवारी तिथे जेवायला जावं लागेल, एवढं लक्षात ठेव."

मी खरं लिहिलं. वर आधी हे लिहिलं की आजवरचं सगळं सोसिना खायची आणि मी लिहायचो. मग ताटाचं: "वाढणारीचा हात सढळ आहे. शिरोत मीठ नाही आणि तो हातातून सुटत नाही. मसूर कच्चे. कॉफी जळालेली. घरातून उपाशी कुणी जाणार नाही, पण खूष होऊनही जाणार नाही." गिझाव संपादकांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "तुला लग्न करायचंय ना रे?" मी म्हटलं, "छापा." ते म्हणाले, "मी छापतो, मला काय? मी त्या ब्लॉकमध्ये राहत नाही."

शुक्रवारी कागद सगळ्या दारांखालून गेला. पुढचं सोसिनाने सांगितलं, ती आईबरोबर इतागेन्यू काकूंकडे होती. काकूंनीच वाचायला घेतलं, सगळ्या बायका ऐकतायत. मिठापर्यंत आल्या आणि त्यांनी कागद खाली घेतला. पण मुलुनेशबाई म्हणाल्या, "वाचा की." पूर्ण वाचून झालं. मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "मीठ कमीच असतं गं तुझं, मुलू."

दुसरी म्हणाली, "मसूर मी तर पदराच्या शेवाला बांधून घरी नेते. कोंबड्या खातात."

"तुझ्या कोंबड्या खातात? माझ्या नाही खात."

आणि मग बांध फुटल्यासारख्या सगळ्या बोलायला लागल्या. मुलुनेशबाई पहिल्याच पेल्यावर उठल्या. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी थांबल्या नाहीत. असं त्या वस्तीत आजवर कुणी केलेलं नाही. कागद हातात घेऊन सरळ माझ्या दारात.

मी दार उघडलं.

"मीठ कमी?"

"हो."

"मसूर कच्चे?"

"थोडे."

"'थोडे' लिहिलं नाहीस."

"नाही. कच्चेच होते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कठड्याकडे नाही, माझ्याकडे. "इतकी वर्षं या बायका माझ्या घरी जेवतात आणि जाताना म्हणतात, 'तुझ्या हाताला देव यश देवो.' माझा नवरा पण तेच म्हणायचा. बिचारा इतका बारीक का होता, ते मला आज कळलं."

मी म्हटलं, "आत या ना, कॉफी करतो."

"नको. तू कशी करतोस ते माहीत नाही, उगाच खरं बोलावं लागेल." मग कागदाची घडी घालून त्यांनी पदरात खोचली. "तिरमध्ये लग्न. गाशेंना कळव."

आत्या, मी तिथेच खाली बसलो. उंबऱ्यावर. त्यांनी बसू दिलं.

"पण लग्नाचं जेवण मी करणार नाही आणि त्या बायकांना तर चुलीजवळ फिरकू देणार नाही. हॉटेलातून मागवू. चांगलं कुठलं?"

मी उत्साहाने म्हटलं, "मी आणि सोसिना सगळीकडे जाऊन चव बघतो आणि तुम्हाला…"

"तुम्ही दोघं?" बाई म्हणाल्या. "एक खाते आणि लपवते, दुसरा न खाता छापतो. तुमच्यावर कोण विसंबणार? मी येते."

मोठा उपास लागायला आता आठवडासुद्धा नाही आणि त्याच्या आत बाईंना वस्तीतलं एकूण एक हॉटेल खाऊन संपवायचंय. शनिवारी दोन झाली, काल तीन. वाढप्याला समोर उभा करतात आणि चावता चावता त्याच्या डोळ्यांत बघतात. एकाने तर न विचारताच कबूल केलं की मांस आदल्या दिवशीचं आहे. आज सोमवार, आत्ता खालून हाका मारतायत. पळतो.

किरुबेल